रुग्ण हजर पाहिजे

सरकारी उत्तर एकदाचं येतं, तेव्हा प्रश्न विचारणारा जागेवर असेलच असं नाही. थोरली जागेवर होती. ज्या माणसासाठी तिने प्रश्न विचारला होता ते माणूस मात्र तोवर उरलं नव्हतं.

थोरली ही त्या घरातली एकुलती एक मुलगी. पुढे धाकटं कोणी होईल या भरवशावर आईने तिला पाळण्यातच थोरली म्हणायला सुरुवात केली. धाकटं काही झालं नाही, नाव मात्र चिकटलं. आता ती पन्नाशीला टेकली होती आणि एका ग्रंथालयात पुस्तकांची जुळवाजुळव करत होती. थोरलेपणाचे सगळे तोटे वाट्याला आलेले, आणि ते ज्याच्यावर काढावेत असं धाकटं कोणी नाही, अशी तिची एकंदर परिस्थिती होती.

पत्रात लिहिलं होतं की घरपोच शुश्रूषा सेवेच्या गुणवत्तेची व सुरक्षिततेची तपासणी मंजूर झाली आहे, तपासनीस आपल्या घरी प्रत्यक्ष येतील, आणि ही तपासणी अचानक असेल. खाली तारीख आणि वेळ दिली होती. त्याखाली ठळक अक्षरांत एक सूचना होती : तपासणीच्या वेळी रुग्ण हजर पाहिजे.

थोरलीने पत्र वाचलं आणि आईच्या रिकाम्या कॉटकडे पाहिलं. ती लोखंडी कॉट अजून तशीच होती. हलवा असं कोणी म्हटलं नव्हतं, आणि न म्हणता त्या घरात काही हलत नसे.

तक्रार साधी होती. आई वर्षभर अंथरुणाला खिळली होती आणि सेवेच्या बायका पाळीने येत. सकाळची बाई दुपारचीच्या हाती काम सोपवूनच निघेल, असा करार होता. एके दिवशी सकाळची वेळेवर निघाली आणि दुपारची आलीच नाही. अण्णा, म्हणजे थोरलीचे वडील, डोळे तपासायला गेले होते. थोरली कामावर होती. आई बराच वेळ हाका मारत राहिली. मग तिने स्वतःच उठायचा प्रयत्न केला आणि ती पडली. खुब्याचं हाड मोडलं. संध्याकाळी थोरलीने कुलूप उघडलं तेव्हा आई जमिनीवर होती आणि तिचा आवाज बसला होता. त्यानंतर आई फार दिवस राहिली नाही. सेवेचं म्हणणं असं की दोन्ही पाळ्यांच्या सह्या आहेत, त्या अर्थी दोन्ही बायका घरात होत्या. रुग्ण पडला तो हट्टी स्वभावामुळे.

थोरलीला भरपाई नको होती. कुणाला घरी बसवावं असंही तिला वाटत नव्हतं. त्या दुपारी आईजवळ कोणी नव्हतं, एवढं एक वाक्य कुणीतरी परक्या माणसाने अधिकाराने मान्य करावं, इतकीच तिची मागणी होती. मागणी लहान असली की ती पुरी व्हायला जास्त वेळ लागतो, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं.

ती पत्र घेऊन कचेरीत गेली. टेबलामागे एक कारकून टाचण्या रंगांप्रमाणे वेगळ्या करत बसला होता.

"रुग्ण वारल्या," थोरली म्हणाली.

"अरेरे," कारकून म्हणाला. त्याच्या सुरावरून हळहळ तक्रारीबद्दल होती हे कळत होतं. "मग तुमचं प्रकरण निकालात निघालं म्हणा की. शेरा पडेल : सेवा बंद, तक्रारदाराचं समाधान."

"माझं समाधान झालेलं नाही."

"बाई, तुमचं झालं की नाही याच्याशी शेऱ्याचा संबंध नसतो. सेवा बंद असली की समाधान, असं ते आहे."

"दुसरा एखादा शेरा नाही?"

"आहे ना. 'तपासणी पूर्ण.' त्याला चालू सेवा लागते, चालू रुग्ण लागतो. तेच घर, तीच सेवा." त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. तो काही वाईट माणूस नव्हता. "घरात दुसरं कोणी नाही का... होण्यासारखं?"

त्या दिवशी थोरली चालत घरी आली. चालताना तिने विचार केला की आयुष्यभर आपण खरं बोललो, त्याचा उपयोग काय झाला? आईची जागा कागदावर समाधानाने भरणार असेल, तर एकदा खोटं बोलून पाहायला काय हरकत आहे? सत्य सिद्ध करायला खोटं अंथरूण घालायचं, एवढंच. माणूस शिकलेला असला की त्याला स्वतःला फसवायलासुद्धा चांगली वाक्यं सुचतात.

घरी आत्या आली होती. आत्या ही अण्णांची मोठी बहीण. वहिनी गेल्यापासून ती आठवड्यातून दोनदा येई, आणि भाऊ नीट जेवतो की नाही हे पाहण्याच्या निमित्ताने त्याला दोन वेळचं पुरेल इतकं बोलून जाई. वरच्या मजल्यावरचे काकाही बसले होते. काका कुठल्याशा खात्यातून निवृत्त झाले होते. नोकरीत असताना आपण किती तपासण्यांना तोंड दिलं हे ते अशा सुरात सांगत, की ऐकणाऱ्याला लढाई आठवावी.

थोरलीने सगळं सांगितलं. अण्णा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही, यावरून ते ऐकत आहेत हे कळत होतं.

"म्हणजे मी मरायचं?" ते म्हणाले.

"मरायचं नाही हो, अण्णा. नुसतं आजारी पडायचं. एक दिवस."

"मला काही झालेलं नाही."

"अरे, जन्मभर दुसरं काय केलंस?" आत्या म्हणाली. "घरात कुठलंही काम निघालं की तू आडवा. आज पहिल्यांदा तुझ्या अंगचा गुण कोणाच्या तरी उपयोगी पडतोय, तर नाही म्हणतोस?"

"अण्णासाहेब, घाबरू नका," काका म्हणाले. "मी तालीम घेतो. तपासणी म्हणजे शेवटी काय असतं? समोरचा माणूस दमलेला असतो आणि त्याला लवकर घरी जायचं असतं. एवढं ध्यानात ठेवा. त्याला चहा देऊ नका, तो लाचेत धरतात. पाणी द्या. पण गार देऊ नका."

"गार का नको?" आत्याने विचारलं.

"गार पाणी म्हणजे आगत्य झालं."

सेवेला फोन केला तेव्हा तिथला व्यवस्थापक फार आनंदला. तुटलेलं गिऱ्हाईक आपण होऊन परत येतंय म्हटल्यावर कोण आनंदणार नाही? "काय होतंय वडिलांना?" त्याने विचारलं. थोरलीला इथे खोटं बोलायचं होतं. तिने ते मनात घोळवूनही ठेवलं होतं, पण ऐन वेळी जीभ वळेना. "त्यांना उठावंसं वाटत नाही," ती म्हणाली. ते खरं होतं. "बस झालं की, ताई," व्यवस्थापक म्हणाला. "वय झालं म्हणजे पेशंटच. अंथरुणाला खिळलेले, असं लिहून घेतो. नो टेन्शन."

पुढचे काही दिवस तालमी झाल्या. पहिली अडचण कॉटची. अण्णा तिच्यावर झोपायला तयार होईनात. ते नुसते शेजारी उभे राहिले आणि गादीवरून हात फिरवत राहिले, गादी चांगली आहे की नाही हे बाजारात पाहावं तसे. मग ते आपणहून आडवे झाले. काकांनी घसा साफ करून तपासनिसाचा आवाज काढला.

"रुग्णाने सांगावं, सेवेबद्दल काय म्हणणं आहे?"

अण्णा छताकडे पाहत होते. "इथून दार दिसत नाही गं," ते थोरलीला म्हणाले.

काकांनी तालीम तिथेच थांबवली आणि उद्या पुढचा भाग घेऊ म्हणाले.

पुढच्या भागात काका इतके रंगले की त्यांनी अण्णांना नापासच केलं. "हे काय उत्तर झालं? म्हणे, 'बरं आहे.' अहो, कण्हा थोडं! तक्रार करा! पाळी बदलताना कोणी नसतं, हे वाक्य तुमच्या तोंडून आलं पाहिजे!" अण्णा म्हणाले, की पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी साहेबाविरुद्ध बोललो नाही, आणि आता त्या पोरीसमोर तिच्याविरुद्ध कसं बोलू? काका म्हणाले, पोरगी अजून आलेलीसुद्धा नाही. अण्णा म्हणाले, येईल ना.

पण या सगळ्या प्रकरणाचं खरं मातेरं केलं ते आत्याने, आणि तेही अतिशय चांगल्या हेतूने. आदल्या दिवशी थोरली कामावरून आली तर तिला आपलं घर ओळखू येईना. जळमटं गेली होती. न्हाणीघरात घसरू नये म्हणून नवी जाळी अंथरली होती आणि भिंतीला धरायला दांडी ठोकून घेतली होती. मिचमिचणारा दिवा बदलला होता. औषधं सकाळ, दुपार, रात्र अशा तीन डब्यांत लावली होती, आणि ती नक्की कोणाची औषधं असा प्रश्न कोणालाच पडला नव्हता. ती आईची होती. टाकायची राहिली होती.

"आत्या, अगं हे काय केलंस?" थोरली मटकन खाली बसली. "ही सेवेची तपासणी आहे, आपली नव्हे! घर धोक्याचं दिसायला हवं होतं. वर्षभर सांगून त्यांनी यातलं एक काम केलं नाही, ते दाखवायचं होतं मला!"

"म्हणून परक्या माणसाला जळमटं दाखवायची?" आत्याच्या हातात अजून फडकं होतं. "वहिनी गेली आणि घराची रया गेली, असं लिहून नेतील ते कागदावर. तिच्या घराला कोणी नाव ठेवलेलं मी ऐकून घ्यायची नाही. तुझी तक्रार गेली खड्ड्यात."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण थोरलीच्या मनात आलं, की आईनेसुद्धा हेच केलं असतं. आपल्या घराची तपासणी होणार म्हटल्यावर ती धरून धरून उठली असती आणि तिने आधी पडदे धुतले असते. थोरलीने उठून आत्याला दुसरं फडकं दिलं आणि दोघींनी मिळून उरलेली खिडकी पुसली.

ठरल्या दिवशी ठरल्या वेळी अचानक तपासणी आली. तपासनीस बाई बुटक्या होत्या, त्यांना सर्दी झाली होती आणि डाव्या पायात काहीतरी दुखत होतं. आत येताच त्यांनी खुर्ची शोधली. व्यवस्थापक त्यांच्या आधीच येऊन बसला होता. सोबत त्याने जी सेविका आणली होती ती इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत इतकी नीटनेटकी होती, की थोरलीला वाटलं, ही वर्षभर कुठे कपाटात ठेवली होती यांनी? ती हात धुऊन कामाला लागली. कामाला हुशार होती, बोलायला गोड होती. तिने अण्णांचं अंग पुसलं, उशी उंच केली, नखं कापली. अण्णांची नखं गेल्या तीन महिन्यांत कोणी पाहिली नव्हती. ते गप्प पडून आपल्या हाताकडे बघत राहिले.

तपासनीस बाईंनी घर पाहायला सुरुवात केली.

"न्हाणीघरात दांडी आहे. सेवेने बसवली?"

"आमच्या मार्गदर्शनाखाली," व्यवस्थापक म्हणाला.

दारात उभ्या असलेल्या काकांनी नाकातून आवाज काढला.

"जाळी?"

"मार्गदर्शन."

"औषधं फार छान लावली आहेत."

"ते तर आमचं वैशिष्ट्यच आहे, मॅडम."

थोरलीने आत्याकडे पाहिलं. आत्याच्या चेहऱ्यावर अपमान आणि अभिमान यांची मारामारी चालली होती. कौतुक तिचं होत होतं आणि मिळत दुसऱ्याला होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणं म्हणजे काय, ते त्या घराला त्या सकाळी कळलं. दिवा, उत्तम. फरशी, उत्तम. स्वच्छता, अति उत्तम. तपासनीस बाई शिंकल्या आणि म्हणाल्या, "इतकं नीट घर मी या कामात क्वचित पाहते."

मग त्या कॉटजवळ बसल्या. "आजोबा, सेवा कशी वाटते?"

काकांनी दारातून कण्हण्याची खूण केली.

अण्णांनी सेविकेकडे पाहिलं. ती हातात ओलं फडकं घेऊन उभी होती आणि तिच्या कपाळावर घाम आला होता.

"छान आहे," अण्णा म्हणाले.

"काही त्रास? काही कमी?"

"नाही. चांगली आहे हो पोरगी."

थोरलीला त्यांचा राग यायला हवा होता. पण आईसुद्धा असंच म्हणायची. सेवेचा फोन आला की अंथरुणातून खणखणीत सांगायची, "छान चाललंय." आणि फोन ठेवल्यावर म्हणायची, "त्या बिचारीला कशाला बोल लावू?" या दोघांनी जन्मभर जगाला 'छान' म्हणून सांगितलं होतं. आता जगाने ते लिहून घेतलं, तर तक्रार कोणाकडे करायची?

दुपारचा एक वाजला. सेविकेने पिशवी उचलली, अण्णांना "येते हं, आजोबा" म्हणाली, सही केली आणि गेली. तिची पाळी संपली होती. व्यवस्थापकही हात चोळत उठला. "दुपारची मुलगी वाटेतच आहे, मॅडम," असं म्हणून तो जिन्यावरून उतरलासुद्धा. तपासनीस बाईंनी चष्मा पुसला, पिशवी खांद्याला लावली, कॉटकडे पाहिलं, आणि पिशवी पुन्हा खाली ठेवली.

"पंचाईत झाली," त्या म्हणाल्या.

"काय झालं?"

"रुग्णाजवळ सेवेचं कोणी नसेल, तर मला जाता येत नाही. नियम आहे. कोणी येईपर्यंत थांबायचं."

"आम्ही आहोत की इथे," आत्या म्हणाली.

"घरची माणसं पाळीत धरत नाहीत."

दुपारची मुलगी वाटेत होती, आणि सेवेची वाट किती लांबची असते ते थोरलीला ठाऊक होतं. सकाळभर हातातून निसटत गेलेली बाजू आपल्या पायांनी परत आली होती.

सगळे बसले. व्यवस्थापकाला फोन लावला, तो म्हणाला, "कोपऱ्यावर आहे." थोड्या वेळाने पुन्हा लावला. मुलगी अजून कोपऱ्यावरच होती. तिसऱ्यांदा त्याने उचलला नाही. तपासनीस बाईंना भूक लागली असावी. त्यांनी पिशवीतून बिस्किटं काढली आणि भिंतीकडे तोंड करून खाल्ली. आत्याच्याने हे पाहवेना. "काका, निदान चहा?" तिने कुजबुजून विचारलं. "लाच," काका ओठ न हलवता म्हणाले. "मग कोमट पाणी देऊ का दुसऱ्यांदा?" "एकदा झालंय. दुसऱ्यांदा म्हणजे घरोबा."

या सगळ्यात अण्णांची निराळीच लढाई चालू होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला न्हाणीघरात जाता येत नाही, हा मुद्दा एकाही तालमीत निघाला नव्हता. अण्णांनी दोनदा थोरलीकडे पाहिलं. तिसऱ्यांदा आत्याकडे पाहिलं. आत्याने कर्तव्य ओळखलं आणि कॉटखालचं भांडं पुढे सरकवलं. अण्णांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की सत्तर वर्षांच्या भावंडपणात तशी नजर तिने पाहिली नसेल. आत्याने भांडं पायाने मागे ढकललं. तपासनीस बाई सभ्यपणे खिडकीबाहेर बघत होत्या. अण्णांनी गुडघे पोटाशी घेतले आणि भिंतीकडे कुशीवर वळले. आता ते खरोखरीचे आजारी दिसत होते.

तपासनीस बाई काही वेळ तक्रारीचा कागद वाचत बसल्या. सकाळी त्यांनी तो वाचला नसावा. मग मान वर न करता म्हणाल्या, "त्या दिवशीही असंच झालं होतं का?"

"असंच," थोरली म्हणाली. "फक्त वाट बघायला घरात कोणी नव्हतं."

बाई उठल्या. दुखरा पाय त्यांनी जपून टेकवला. "एक चाचणी राहिली आहे. हाकेला प्रतिसाद. ही चालू पाळीतच घ्यावी लागते, आणि पाळी तर आता चालू आहे. रुग्णाने हाक मारायची. सेविका येते की नाही ते मी घड्याळ लावून बघायचं. बाकी सगळं उत्तम असलं आणि इथे 'प्रतिसाद नाही' पडला, तर पहिल्या पानावर तेच जातं. वरच्यांना उत्तर द्यावं लागतं. मागच्या तक्रारीशी मी जोडूही शकते." त्या थांबल्या. "पण घरच्यांनी हू की चू करायचं नाही. जागचं हलायचंही नाही. घरातून आवाज आला, तर तो प्रतिसाद धरला जातो."

थोरलीने मान डोलावली. इतके महिने ती ज्या एका वाक्यासाठी झगडत होती ते आता नुसतं उभं राहिल्याने मिळणार होतं.

अण्णांना समजावून सगळे बाहेरच्या खोलीत आले. दार लोटून घेतलं. काका चपलांच्या कपाटाशी सावधान उभे राहिले. बाईंनी मनगट डोळ्यांजवळ धरलं. "हं, आजोबा," त्यांनी आवाज दिला, "हाक मारा."

अण्णांना कोणाला हाक मारावी हे कळेना, कारण दुपारच्या मुलीचं नाव कोणीच सांगितलं नव्हतं. त्या पडलेल्या माणसाने काही वेळ आठवून पाहिलं असेल. मग आतून आवाज आला.

"अगं..."

बाईंची नजर घड्याळावर होती.

"अगं, ऐकलंस का?"

या घरात हाक मारायची ती एवढीच रीत होती. नाव घेऊन अण्णांनी आईला कधी बोलावल्याचं थोरलीला आठवत नव्हतं. 'अगं' म्हटलं की स्वयंपाकघरातून, गॅलरीतून, झोपेतूनसुद्धा ओ यायची. आत्याने पदराचा बोळा तोंडाशी धरला. काकांनी चपला मोजायला सुरुवात केल्यासारखं खाली पाहिलं.

थोरली उभी होती. थोडाच वेळ राहायचं होतं. तिने भिंतीला हात टेकला. आता हलायचं नाही. हे आईसाठी आहे. हे आईसाठीच आहे, असं ती स्वतःला सांगत राहिली. आत कॉट करकरली.

"अगं, कुठे आहेस?" अण्णांनी विचारलं. या वेळी आवाज चाचणीचा नव्हता. "अगं ए..."

"आले, अण्णा," थोरली म्हणाली. तिने दार ढकललं आणि ती आत गेली.

अण्णा कोपरावर उठून बसले होते. तिला पाहून ते ओशाळले. "तू का आलीस? तुला यायचं नव्हतं ना?"

"माहीत आहे."

"मग आता पडलं का आपलं प्रकरण?"

"पडलं," ती म्हणाली आणि त्यांच्याजवळ कॉटवर बसली.

अण्णांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. पण त्यांचाही काही इलाज नव्हता. ते पाय खाली सोडून उभे राहिले, तपासनीस बाईंच्या अंगावरून ताठ चालत गेले आणि त्यांनी न्हाणीघराचं दार आतून लावून घेतलं.

बाई त्या बंद दाराकडे बघत राहिल्या. "हे चालतात?"

"आत्ताच लागले," काका म्हणाले.

यावर बाई हसतील असं क्षणभर वाटलं. पण त्यांना शिंक आली. नाक पुसून त्या थोरलीसमोर येऊन उभ्या राहिल्या. "ताई, तुम्ही बोलायचं नव्हतं. आता 'प्रतिसाद तात्काळ' लिहावं लागेल, आणि तो सेवेच्या खात्यात जाईल." त्यांनी आवाज खाली आणला. "चाचणी एकदा परत घेता येते. अजून कोणी आलेलं नाही. घेऊ?"

सगळ्यांनी थोरलीकडे पाहिलं. न्हाणीघरात पाणी वाजत होतं.

"म्हणजे अण्णांनी परत हाक मारायची," थोरली म्हणाली.

"हो."

"आणि आपण परत ऐकायची."

बाईंनी मनगटावरचं घड्याळ सरळ केलं.

"नको," थोरली म्हणाली. "लिहा तात्काळ."

बाईंनी उभ्या उभ्याच लिहिलं. तेवढ्यात जिना धडाधडा वाजला आणि दुपारची मुलगी धापा टाकत आत आली. केस विस्कटलेले, एका हातात डबा, दुसऱ्या हातात अंगठा तुटलेली चप्पल. "सॉरी हं, सॉरी," ती म्हणाली. "बसच बंद पडली. पेशंट कोण?"

तिने एकेकाकडे पाहिलं. कागद धरलेल्या बाई उभ्या होत्या. डोळे पुसणारी म्हातारी उभी होती. एक म्हातारा चपलांच्या कपाटापाशी ताठ उभा होता आणि दुसरा ओले हात झटकत न्हाणीघरातून चालत येत होता. कॉटवर एकटी थोरली होती. मुलीने डबा ठेवला, ती सरळ तिच्यापाशी आली आणि तिने एक हात तिच्या पाठीमागे घातला.

"किती वेळ अशा बसलात, ताई? पडा बघू जरा. मी आले ना आता."

रुग्ण मी नव्हे, हे सांगायला थोरलीने तोंड उघडलं. मग तिने चष्मा काढला, त्या मुलीच्या हातात दिला आणि ती आडवी झाली.